पेटींतील कसर

(शास्त्रपाठ : मत्तय ६:१९–२१; याकोब ५:१–३; प्रेषितांचीं कृत्यें ९:३६–४२)



डोंगरावरील प्रवचनांत आपल्या प्रभूनें पृथ्वीवरील संपत्तीचे तीन शत्रु सांगितले : कसर, जंग आणि चोर. चोराचें भय सर्वांस ठाऊक आहे. त्याच्यासाठीं आपण कुलूप घालतों. जंग म्हणजे काय हें, ज्यानें पावसाळ्यांत आपला विळा वळचणीला विसरून ठेविला त्यास, सांगावें लागत नाहीं. पण कसरीविषयीं काय? हें वचन आम्हीं किती वेळां वाचलें व त्यावर किती वेळां उपदेश केला याची गणतीच नाहीं. परंतु तो प्राणी कसा असतो, काय खातो, कोठें राहतो, याचा शोध आम्हीं कधीं केला नव्हता. प्रभूनें ज्याचा नांव घेऊन उल्लेख केला तें पाहण्याची तसदी आम्हीं घेतली नाहीं. शेवटीं तें आम्हांस पाहावेंच लागलें. आणि कोणत्या रीतीनें पाहावें लागलें हें आज आपणांसमोर कबूल करावें असें आमच्या मनांत आहे.

सन २०१७ मध्यें आमच्या मंडळीच्या कापणीच्या सणाला ज्वारी, नारळ, कोंबड्या, शेवग्याच्या शेंगा असें पुष्कळ अर्पण आलें. नेहमींप्रमाणें लिलाव झाला, आणि पंचांनीं असें ठरविलें कीं, या पैशांतून खऱ्या लोकरीच्या घोंगड्या घेऊन थंडींत उघड्यावर राहणाऱ्यांस द्याव्या. आमच्या गांवाच्या शिवारांत दरवर्षीं ऊसतोडीचीं कुटुंबें येतात व पाचटाच्या कोप्या घालून राहतात. त्यांचीं लेंकरें पौषाच्या थंडींत कशीं कुडकुडतात हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. विणकराकडून तीस घोंगड्या आणल्या. दाट, काळ्या, चिंचोक्याची खळ दिलेल्या, हातांत घेतल्या तर उभ्या राहतील अशा. त्या हिंवाळ्यांत अकरा वांटल्या. उरलेल्या एकोणीस एका लोखंडी पेटींत घालून उपासनामंदिराच्या मागील खोलींत ठेविल्या, आणि पेटीची किल्ली आमच्याजवळ राहिली.

पुढील वर्षीं मागणारे आले नाहींत असें नाहीं. एक बाई आली. तिचा नवरा दारूबाज. तो घोंगडी विकून टाकील असें आम्हांस वाटलें. दुसरा एक आला. तो आमच्या मंडळीचा नव्हता. तिसऱ्याच्या घरीं एक घोंगडी होती हें आम्हांस माहीत होतें. प्रत्येकास नाहीं म्हणावयास कारण मिळालें, आणि प्रत्येक कारण ऐकावयास शहाणपणाचें होतें. मंडळीच्या पैशाची काटकसर करावी, खरी गरज येईल तेव्हां पेटी भरलेली असावी, असें आम्ही पंचांच्या सभेंत बोललों, व सर्वांनीं माना डोलाविल्या. आपल्या भाषेंत काटकसर आणि कसर हे शब्द इतके जवळ जवळ कां आहेत कोण जाणे! आम्हीं काटकसर केली आणि हातीं उरली ती नुसती कसर.

सन २०१९ च्या डिसेंबरांत एके रात्रीं एक बाळंतीण आपल्या सासूबरोबर दाराशीं आली. बाळ आठ दिवसांचें. कोपीच्या पाचटांतून दंव गळत होतें. आम्हांस, खरें सांगतों, आनंद झाला. कारण ज्या दिवसासाठीं आम्हीं पेटी राखिली होती तो दिवस हाच असें वाटलें. मोठ्या ऐटीनें आम्हीं कुलूप काढिलें. वरची घोंगडी उचलतांच तिच्या खालून वाळूसारखे काळे कण गळूं लागले. घडी उलगडली तर आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतु, आणि जागजागीं लोकर अशी कुरतडलेली कीं, दिव्यासमोर धरली तर चाळणींतून दिसावा तसा उजेड दिसला. पिवळसर चमकणारा एक लहानसा प्राणी घडींतून निघाला व उडण्याऐवजीं पळत दुसऱ्या घडींत शिरला. एकोणिसांपैकीं पंधरा घोंगड्या खाल्लेल्या निघाल्या. चार चांगल्या होत्या, पण त्या तळाशीं होत्या, आणि त्या रात्रीं लाजेनें आमचे हात तेथवर पोहोंचले नाहींत. आम्हीं वरची एक तिच्या अंगावर घातली. ती बाई तक्रार करीत नव्हती, तिनें केवळ जें होतें तें सांगितलें : "बाबा, ह्यातनं वारं येतंय."

तेव्हां आमच्या कुटुंबानें आंत जाऊन अंथरुणावरची, रोजच्या वापरांतली धाबळी उचलून आणिली व बाळंतिणीस दिली. ती धाबळी बारा वर्षांची जुनी. तिला एकही भोंक नव्हतें.

बंधुजनहो, त्या धाबळीनें आम्हांस झोंप येऊं दिली नाहीं. कुलपांत ठेविलेलें नवें वस्त्र नष्ट व्हावें आणि बारा वर्षें पांघरलेलें जुनें वस्त्र टिकावें, हें कसें? यानंतर आम्हीं कसरीविषयीं चौकशी केली. जें समजलें तें येथें सांगतों, कारण तें घरच्या संसारासही उपयोगी आहे.

वस्त्र खाते ती उडणारी पाकोळी नव्हे. पाकोळीला खाण्याजोगें तोंडच नसतें. ती दोन-चार आठवडे जगते, चाळीस-पन्नास अंडीं घालते आणि मरते. अंडीं मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असतात व लोकरीच्या धाग्यांत नुसतीं ठेविलेलीं असतात. फार घट्ट चिकटलेलीं नसतात. त्यांतून निघणारी अळी ती खरी कसर. ती मलईसारखी पांढरट, तपकिरी डोक्याची, पूर्ण वाढली म्हणजे सुमारें अर्ध्या इंचाची. लोकर, केस व पिसें ज्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत तें पचविण्याची शक्ति फार थोड्या प्राण्यांस आहे, आणि या अळीस ती आहे. रेशमासही ती लागते. स्वच्छ सुती कापड तिला नको असतें, म्हणून आपल्या गोधड्या बहुतेक वांचतात. घरांत ऊब व अन्न असलें तर तिची वाढ दोन-तीन महिन्यांत पुरी होते; नसलें तर दोन वर्षेंही ती वाट पाहात राहूं शकते. (पुस्तकांत जो रुपेरी, शेपटीचा, चपळ किडा सांपडतो त्यासही कित्येक कसर म्हणतात. तो निराळा, त्याला खळ व कागद प्रिय.)

या अळ्यांची एक जात अशी आहे कीं, ती जें वस्त्र खाते त्याच्याच तंतूंची नळी करून अंगांत घालते. तांबडी लोकर खाल्ली तर तिचा अंगरखा तांबडा. मग निळीवर गेली तर पुढचा भाग निळा. आपल्या घरांच्या भिंतीवर टरबुजाच्या बीसारखी करड्या रंगाची चपटी पिशवी हळूहळू सरकतांना दिसते ना? ती याच कुळांतली.

आतां दोन गोष्टी नीट ध्यानांत घ्या. पहिली अशी कीं, कसरीस उजेड व हालचाल सोसत नाहीं. दिव्याभोंवतीं रात्रीं ज्या पाकोळ्या घिरट्या घालतात त्या दुसऱ्या. कसरीची पाकोळी अंधारांत शिरते. जी थोडीबहुत उडतांना दिसते ती बहुधा नर असते. अंड्यांनीं जड झालेली मादी घडीच्या सुरकुतींत लपून धांवते. आपण टाळी मारून एक नर मारितों आणि घर निर्धोक झालें असें समजतों. दुसरी अशी कीं, तिला मळलेलें वस्त्र फार आवडतें. नुसत्या स्वच्छ लोकरीवर ती नीट वाढत नाहीं. घाम, सांडलेलें कालवण, लेंकराचें मूत, यांचा डाग जेथें असतो तेथें तिला हवें तें सर्व मिळतें. लग्नांत नेसलेला रेशमी शालू न धुतां तसाच घडी करून ठेविला तर गळ्याशीं व पदराशीं प्रथम भोंकें पडतात, तें याचमुळें.

यशया ५१ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनांत संदेष्टा दोन निरनिराळे शब्द योजितो. मूळ इब्रींत ते 'आश' व 'सास' असे आहेत. एक वस्त्र खाणारी कसर, दुसरी लोकर खाणारी कीड. आम्ही पूर्वीं यास केवळ काव्याची पुनरुक्ति समजत होतों. आतां वाटतें कीं, त्या देशचे लोक, ज्यांचीं वस्त्रें बहुतेक लोकरीचींच होतीं, या प्राण्यास आमच्याहून पुष्कळ चांगलें ओळखीत होते. त्यांच्या काळीं वस्त्र हें धन होतें. नामानानें अराम देशांतून रुप्यासोन्याबरोबर दहा पोशाख आणिले, आणि गेहजीनें त्यांतले दोन मागून घेऊन घरांत लपविले. आखानानें शिनारचा झगा तंबूंत जमिनीखालीं पुरला. हीं लपविलेलीं वस्त्रें कोणाच्या अंगावर कधीं चढलीं असें शास्त्र सांगत नाहीं.

होशेयाच्या पांचव्या अध्यायांत याहून कठीण गोष्ट आहे. तेथें परमेश्वर स्वतःस एफ्राइमास लागलेल्या कसरीची उपमा देतो (५:१२), आणि दोनच वचनांनंतर सिंहाची. सिंहाची उपमा आम्हांस सहज समजते. अरिष्ट आलें, महामारी आली, तर मंडळी गुडघे टेकते. पण सिंहाच्या आधीं कसर येते. तिचा आवाज होत नाहीं. मंडळींतील प्रार्थना कमी कमी होत जाते, घरांतील शास्त्रवाचन आज राहिलें, उद्यां राहिलें, भावाभावांतील बोलणें तुटतें. आणि वरची घडी मात्र पेटी उघडीपर्यंत जशीच्या तशी दिसते. सुवार्तिक बंधूंनो, तुम्हांस व आम्हांस हें विशेष लागू आहे. उघड झालेल्या पापावर आम्ही सभेंत टाळी मारितों. ज्याचें पाप बाहेर उडालें तो नर. आंत सुरकुतींत काय धांवत आहे तें पाहण्यास घडी उलगडावी लागते, आणि आपली स्वतःची घडी उलगडणें कोणास आवडतें?

येथें कोणी म्हणेल, तर मग कांहीं सांठवूंच नये काय? तसें आम्हीं म्हटलें नाहीं. योसेफानें सात वर्षें धान्य सांठविलें. पण दुष्काळ पडतांच त्यानें कोठारें उघडलीं, आणि मागणाऱ्याची चौकशी करण्यांत पुढचीं सात वर्षें घालविलीं नाहींत. आईनें लेंकीसाठीं पैठणी जपून ठेवावी, नातवानें आजोबांची शाल आठवण म्हणून राखावी, यांत दोष नाहीं. ती वेळोवेळीं काढून पाहावी, ऊन दाखवावें, हेंही प्रीतीचेंच काम आहे. दोष आमच्या त्या शहाण्या कारणांत होता. ज्याच्या गरजेसाठीं वस्तु राखिली तो दाराशीं उभा असतां ती राखीत राहणें, याला प्रभूच्या वचनांत नांव आहे.

यापो येथील टबीथेकडे पाहा, जिला दुर्कस म्हणत. ती मेली तेव्हां तिच्या घरीं पेटी निघाली नाहीं. विधवा पेत्राभोंवतीं रडत उभ्या राहिल्या, आणि तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें त्यांनीं त्याला दाखविलीं. तीं तिच्या घरीं घडी घालून ठेविलेलीं नव्हतीं. ज्या विधवांसाठीं तिनें तीं शिवलीं त्यांच्याजवळ तीं होतीं. अरण्यांत चाळीस वर्षें इस्राएलांचीं वस्त्रें जीर्ण झालीं नाहींत असें अनुवाद ८:४ मध्यें आहे. तो देवाचा चमत्कार होता, पण तींही अंगावरचीं वस्त्रें होतीं. पौलानें आपला झगा त्रोवसांत कार्पाच्या घरीं ठेविला होता व हिंवाळ्यापूर्वीं येतांना तो घेऊन ये असें तीमथ्यास लिहिलें. तो झगा धड मिळाला कीं त्यासही कसर लागली होती, हें विचारावयास आम्हांस स्वर्गांत पुष्कळ वेळ मिळेल.

आतां आमची दुसरी चूक ऐका. त्या फजितीनंतर आम्ही अगदीं दुसऱ्या टोकास गेलों. उरलेल्या चार घोंगड्या व नव्या आणिलेल्या काहीं पेटींत घालून वर डांबराच्या गोळ्या मुठी मुठी भरून ओतल्या. सन २०२१ च्या जानेवारींत एका तान्ह्या बाळास गुंडाळण्यास त्यांतली एक काढून आम्ही निघालों, तों आमच्या मंडळींतील एका परिचारिका भगिनीनें दारांतच अडविलें. "पाळकसाहेब, ही बाळाला घालूं नका," ती म्हणाली. "वास येतोय नव्हे का? हा वास बाळाच्या अंगांत जातो." तिनें समजाविलें कीं, कांहीं बालकांच्या रक्तांत जी-६-पीडी नांवाचें एक रक्षक द्रव्य जन्मतःच कमी असतें. अशा बाळास या गोळ्यांची वाफ लागली तर रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात, कडक कावीळ होते, आणि ती मेंदूपर्यंत पोहोंचली तर बाळ दगावतें किंवा जन्माचें अधू होतें. कोणत्या बाळांत हा दोष आहे हें वरून दिसत नाहीं. आम्ही गार झालों. पहिल्या वर्षीं आमच्या कृपणतेनें बाळास वारा लागला. आतां आमच्या काळजीनें त्यास विष लागलें असतें.

म्हणून माताभगिनींनो, हें लक्षांत ठेवा. तान्ह्या बाळाचीं वस्त्रें, दुपटीं, टोपडीं, डांबराच्या गोळ्यांजवळ कधींही ठेवूं नका. मोठ्यांचें वस्त्र असलें तरी गोळ्यांतून काढलेलें धुवावें आणि वास जाईपर्यंत वाऱ्यावर टांगावें. त्या गोळ्या पेपरमिंटासारख्या दिसतात. लेंकराच्या हातीं लागूं देऊं नयेत, आणि त्यानें एखादी गिळलीच तर घरगुती उपाय करीत न बसतां तात्काळ दवाखान्यांत न्यावें. उघड्या फडताळांत दोन-चार गोळ्या टाकणें तर व्यर्थच आहे. त्यांची वाफ घट्ट बंद पेटींत सांचली तरच कसर मरते, नाहीं तर ती वाफ आपणच हुंगतों.

गोळ्यांवांचूनही काम होतें, पण हात हालवावे लागतात. प्रथम पेटी पूर्ण रिकामी करावी. प्रत्येक वस्त्र चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हांत दोन्ही बाजूंनीं पसरावें, झटकावें, आणि शिवण, दुमड, गळपट्टी, खिसा, अशा जागा ब्रशानें घांसाव्या. अंडीं झडून जातात व अळ्या उजेडास भिऊन खालीं पडतात. हें घरांत करूं नये, अंगणाच्या कडेला करावें. पेटीचे सांधे व कोपरे पुसावे. माळ्यावर चिमणीचें किंवा पारव्याचें जुनें घरटें असलें तर पिलें उडून गेल्यावर काढून टाकावें. पिसांत कसर पोसते व तेथून घरांत उतरते. मग धुऊन पूर्ण वाळविलेलें वस्त्रच जाड प्लास्टिकच्या पिशवींत घालून तोंड घट्ट बांधावें. कडुलिंबाचा पाला घालण्याची चाल जुनी आहे, घालावयाचा तर घाला; पण आंत आधींच शिरलेल्या अळ्या त्यानें मरतील असा भरंवसा धरूं नये. ज्यांच्या घरीं चांगला कडक गोठविणारा कप्पा आहे त्यांनीं लोकरीची टोपी किंवा स्वेटर पिशवींत बांधून त्यांत दोन आठवडे ठेवावा. आणि पावसाळ्यांत, जेव्हां दमट हवेनें कसरीस सुकाळ होतो, तेव्हां उघाड मिळेल त्या दिवशीं पेटी उघडून पाहावी. एका बंधूनें आम्हांस सुचविलें कीं, बाजारांत मिळणारीं कृत्रिम धाग्याचीं स्वस्त ब्लँकेटें आणावीं, तीं कसर खात नाहीं. त्याचें म्हणणें खरें आहे. पण कोपींत चूल पेटते, आणि ठिणगी पडली तर तो धागा वितळून कातडीस चिकटतो. म्हणून आम्हीं अजून लोकर सोडली नाहीं.

ज्या पंधरा घोंगड्या खाल्ल्या गेल्या त्यांतील नऊ मंडळींतील विधवांनीं सोडवून, धड भाग जोडून, लहान लेंकरांसाठीं पांच केल्या. एका आजीबाईनें त्यांतील एक आम्हांस दिली, आणि तिच्यावर एक भोंक मुद्दाम तसेंच ठेविलें. देतांना ती हंसली नाहीं. उपदेशाच्या मेजावर ती घालावी असें तिचें म्हणणें होतें. पंचांस तें बरें वाटलें नाहीं, म्हणून ती आमच्या अंथरुणावर आहे.

पेटी अजून मागील खोलींत आहे. दिवाळीनंतर घोंगड्या येतात आणि कोप्या उभ्या राहतात त्या आठवड्यांत निघून जातात. मग तिच्यांत गीतांचीं पुस्तकें असतात. किल्ली आमच्याजवळ नाहीं. ती दारामागच्या खिळ्यावर टांगलेली असते.